चित्रकार त्याच जागी पुन्हा पुन्हा का जातो?

ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात सय्यद हैदर रझा यांचं 'जेस्टेशन' हे चित्र ५१ कोटी ७५ लाख रुपयांना गेलं. बातमी आली त्या सकाळी लोकलच्या लेडीज डब्यात एका मैत्रिणीने मोबाइल माझ्यासमोर धरला. "तू रविवारी लँडस्केप करायला जातेस ना, मग सांग. इथे लिहिलंय, हे सुरुवातीला निसर्गचित्रं काढायचे. यात निसर्ग कुठाय?" चित्रात वर्तुळं होती, भौमितिक आकार होते. घाटकोपर येईपर्यंत मी बरंच काही सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही.

जहांगीर आर्ट गॅलरीत निसर्गचित्रांचं प्रदर्शन लागलं की असेच प्रश्न कानावर पडतात. हे कुठलं ठिकाण? इतकी साधी गल्ली कशाला काढली? फोटोच लावला असता तर? सगळ्यांच्या तळाशी एकच कुतूहल असतं. या माणसाला हे काढावंसं का वाटलं? आपण धरून चालतो की सुंदर जागा दिसली आणि चित्र सुचलं. मला वाटतं, जागा हे निमित्त असतं. चित्रकाराला खिळवून ठेवते ती त्या जागेतली हवा, तिथला त्या घटकेचा उजेड, आणि रोजची ओळखीची गोष्ट अचानक अनोळखी दिसणं. ते कसं घडतं, हे कळायला सुरुवात डोळ्यांपासून करावी लागेल.

माहीत असणं आणि दिसणं

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्यांवर आम्ही आठ-नऊ जण कागद घेऊन बसलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. पायऱ्यांसाठी मी काळा आणि तपकिरी कालवला, कारण दगड काळा-तपकिरी असतो. आमचे सर मागे येऊन उभे राहिले.

"कुठला रंग दिसतोय?"

"दगडी, सर."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक जुनं पोस्टकार्ड काढलं. मधोमध वाटाण्याएवढं भोक होतं. "यातून बघ. वस्तूचं नाव घेऊ नकोस, नुसता रंग सांग."

एक डोळा मिटून मी पाहिलं. भोकात जांभळट निळा रंग होता, पाण्यात टाकलेल्या वांग्याच्या सालीवर दिसतो तसा. ओल्या पायरीवर ढगाळ आकाश उतरलं होतं. मी तासभर त्या पायरीकडे बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

याचं कारण मेंदूची एक सवय आहे. उजेड बदलला तरी वस्तूचा रंग तोच आहे, असं मेंदू आपल्याला सांगत राहतो. शास्त्रात याला रंगस्थैर्य म्हणतात. पांढरा शर्ट ट्यूबलाइटखाली, उन्हात, जिन्यातल्या अंधारात, सगळीकडे पांढराच वाटतो. डोळ्यात शिरणारा उजेड मात्र प्रत्येक वेळी वेगळा असतो. ही मोठी सोय आहे. ती नसती तर संध्याकाळी आपली स्वतःची इमारत ओळखताना गोंधळ उडाला असता. पण चित्र काढताना हीच सोय आड येते. रुळांलगतच्या चाळीत राहणाऱ्याला लोकलचा खडखडाट ऐकूच येत नाही. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला मात्र रात्रभर झोप लागत नाही. निसर्गचित्रकार आपल्याच गावात पाहुणा होण्याचा सराव करत असतो.

तुम्हीही करून बघा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला भोक पाडा आणि निरभ्र दिवशी, दुपारी, सावलीतल्या पांढऱ्या भिंतीकडे त्यातून बघा. भिंत निळसर दिसेल, कारण सावलीत सूर्य पोचत नाही, आकाश पोचतं.

लांबचा डोंगर निळा का?

डोंबिवलीतल्या आमच्या गच्चीवरून मलंगगड दिसतो. पायथ्याशी गेलात तर झाडी हिरवी, कातळ काळा. गच्चीवरून तोच डोंगर निळा. रंग बदलला कुठे? मधल्या हवेत.

हवा रिकामी नसते. उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात. त्यातला निळा उजेड हवेच्या रेणूंवर आपटून तांबड्यापेक्षा पुष्कळ जास्त विखुरतो, म्हणून आकाश निळं दिसतं. आपल्या आणि डोंगराच्या मधेही तीच हवा आहे आणि तीही तशीच विखुरलेल्या निळ्याने उजळते. म्हणजे प्रत्येक लांबच्या वस्तूवर आकाशाचा एक पातळ पडदा पडलेला असतो. जितकं अंतर जास्त, तितके पडदे जास्त. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी हे नुसत्या निरीक्षणातून लिहून ठेवलं आहे.

धूळ, धूर आणि बाष्पाचे थेंब यांचं काम वेगळं. ते रेणूंपेक्षा खूप मोठे असल्याने सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि पडदा निळा न राहता पांढुरका होतो. म्हणून जूनमधला पहिला जोरदार पाऊस धूळ धुऊन गेला की मलंगगडाची कड सुरीने कापल्यासारखी दिसते आणि जानेवारीच्या सकाळी तोच डोंगर ताकात बुडवून काढल्यासारखा.

कलाशाळेत याला वातावरणाचं पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. जवळचे रंग उबदार आणि कडा ठसठशीत, लांबचे रंग थंड आणि कडा विरघळलेल्या. नवशिका चुकतो तो इथेच. लांबच्या झाडाचंही पान न् पान काढतो, कारण पानं आहेत हे त्याला माहीत असतं. मग डोंगर अंगावर येतो आणि चित्रात श्वास घ्यायला जागा उरत नाही.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांची कितीतरी छोटी चित्रं केली. अनेक चित्रांत जमीन जवळजवळ नाहीच. कागदाच्या मागे त्याने तारीख, वेळ, वारा कुठून होता ते लिहिलंय. कुठलं ठिकाण, हा प्रश्न त्या चित्रांना लागूच पडत नाही. कितीची वेळ, हा पडतो.

ही आवड आली कुठून?

माणसांवाचून नुसता निसर्ग काढायचा, हे सगळीकडे एकाच वेळी सुरू झालं नाही. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी डोंगर-पाण्याची चित्रं हीच सर्वांत श्रेष्ठ चित्रं मानली जात. युरोपात सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी या प्रकाराला स्वतःचं घर दिलं. आपल्याकडे लघुचित्रांत निसर्ग भरपूर आहे, पण तो बहुधा कुणाच्या तरी सोबतीला येतो. बारमासा म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांच्या चित्रांमधला आषाढाचा ढग विरहिणीसाठी दाटून येतो.

मुंबईचं निसर्गचित्र आधी परक्यांनी काढलं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं एकत्र चित्र आपल्याला माहीत असतं. ते काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबई बेटाची दृश्यंही काढत होता. १७९५ मध्ये तो वारला आणि त्याची १२ दृश्यं १८०० मध्ये छापून प्रसिद्ध झाली. त्याच काळात थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७८६ ते १७९३ हिंदुस्थानभर फिरले आणि नंतर त्यांनी १४४ चित्रांचा मोठा संच काढला. रेषा अचूक याव्यात म्हणून ते कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत. ही एक पेटी असते. तिच्या भिंगातून बाहेरचं दृश्य आतल्या कागदावर पडतं आणि ते गिरवता येतं.

त्यांची प्रेरणा काय होती? कुतूहल होतंच, पण लंडनमधलं गिऱ्हाईकही होतं. तिथल्या लोकांना घरबसल्या पूर्वेकडचा देश बघायचा होता. चित्र विकलं जावं असं वाटण्यात मला काही कमीपणा दिसत नाही. जहांगीरमध्ये आठवडाभर उभा राहणारा चित्रकारही भाडं भरूनच उभा असतो. पण ही चित्रं बघताना लक्षात ठेवायला हवं की हा पाहुणा राज्यकर्त्यांच्या बाजूचा होता. ताड-माड, देवळं, लेणी त्याला दिसली. इथे राबणारी माणसं बहुतेक वेळा मापासाठी उभी केल्यासारखी कोपऱ्यात आली.

पुढची मोठी गोष्ट एका साध्या वस्तूने घडवली. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची दाबून रिकामी करता येणारी नळी शोधली. आपल्या टूथपेस्टच्या ट्यूबचा हा पूर्वज. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. एकदा पिशवीला भोक पाडलं की रंग वाळायला लागे. नळीला झाकण आलं, त्यात रेल्वेही आली, आणि चित्रकार सकाळच्या गाडीने रंग घेऊन शेतात जाऊन बसू लागला. पुढे क्लोद मोनेसारख्या फ्रेंच चित्रकारांनी उघड्यावर बसून जे केलं ते या नळीशिवाय फार अवघड गेलं असतं.

धुरालाही प्रेरणा म्हणायचं?

दर हिवाळ्यात मुंबईच्या हवेच्या बातम्या येतात. वारा मंदावतो, बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर जमिनीलगत साचून राहतो, आणि नरिमन पॉइंटवरून मलबार हिल धूसर होते. त्या दिवसांत समाजमाध्यमांवर तांबूस सूर्यास्ताचे फोटोही भरभरून येतात. धुराचा आणि या सौंदर्याचा काय संबंध आहे, ते मोनेच्या चित्रांत बघता येतं.

१८९९ ते १९०१ या काळात मोने तीनदा लंडनला गेला आणि थेम्स नदी, तिच्यावरचे पूल, संसदेची इमारत हेच विषय घेऊन त्याने जवळपास १०० कॅनव्हास सुरू केले. धुकं नसतं तर लंडन सुंदर दिसलं नसतं, असं त्याचं म्हणणं होतं. ते धुकं कोळशाच्या धुराने भरलेलं होतं. २०२३ मध्ये हवामानाच्या अभ्यासकांनी इंग्रज चित्रकार टर्नर आणि मोने यांची मिळून सुमारे १०० चित्रं मोजमाप करून तपासली. त्या काळात हवेतलं प्रदूषण जसं वाढत गेलं, तशा चित्रांतल्या कडा पुसट आणि रंग पांढुरके होत गेले, असं त्यांना आढळलं.

यावर लगेच सुचणारा आक्षेप म्हणजे मोनेला मोतीबिंदू होता, त्याला तसंच दिसत असणार. पण मोतीबिंदूचं निदान झालं १९१२ मध्ये, लंडनच्या दौऱ्यांनंतर दहाएक वर्षांनी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चित्राची शैलीच धूसर होत गेली असेल, हवेचा काय संबंध? शैलीचा वाटा कुणीच नाकारणार नाही. तरीही बदल हवेतल्या बदलाबरोबर चालतो, हे त्या अभ्यासाचं म्हणणं, आणि मला ते पटतं. चित्रकार हवा काढत असेल, तर हवेत जे मिसळलंय ते कागदावर उतरणारच. अर्थात, धुराचं चित्र सुंदर असलं तरी धूर चांगला ठरत नाही. आमच्या गटातल्या एका काकांना दम्याचा त्रास आहे. डिसेंबर-जानेवारीत ते बाहेर बसत नाहीत, खिडकीतून काढतात.

पाऊस, कागद आणि जलरंग

मुंबईतल्या चित्रकारांचं जलरंगावर विशेष प्रेम आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं आणि पुढे आबालाल रहिमान, सा. ल. हळदणकर यांच्यासारखे जलरंगात हुकमत असलेले चित्रकार तिथून बाहेर पडले. जलरंग पारदर्शक असतो. त्यात उजेड रंगाने घालत नाहीत, कागदाचा पांढरा राखून ठेवतात. ज्याला चकाकतं पाणी हवं, त्याने तिथे रंग लावायचाच नाही, हे आधीच ठरवावं लागतं. रांगोळीत मधली जागा मोकळी सोडल्यासारखं.

पावसाळ्यात हा रंग हट्टी होतो. पाण्यासारख्या पातळ रंगाच्या मोठ्या थराला वॉश म्हणतात. मे महिन्यात वॉश बघता बघता वाळतो आणि कडा धारदार येतात. जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की अर्धा अर्धा तास कागद ओला राहतो, एक रंग दुसऱ्यात शिरतो, इमारतीची कड आभाळात पसरते. पहिल्या पावसाळ्यात मी याला नावं ठेवली. आता मला वाटतं, दादरच्या रस्त्यावर पावसात दिसतं ते असंच तर असतं. दुकानाचा दिवा, छत्री, बसचा लाल, सगळं एकमेकांत उतरलेलं. हवेने डोळ्यांपुढे जे केलं, तेच तिने कागदावरही केलं.

मग भावनेचं काय?

रेणू, बाष्प, भोकाचं पोस्टकार्ड... हे ऐकून एखाद्याला वाटेल, यात मन कुठे आहे? माझ्या मते मन दिसतं ते परत जाण्यात.

आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकले, पण रमले कोल्हापुरात. छत्रपती शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. कोटितीर्थाचा तलाव त्यांनी पुन्हा पुन्हा काढला, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात. १९३१ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर मुंबईच्या कलाजगतापासून ते लांबच राहिले. तिकडे फ्रान्समध्ये पॉल सेझान आपल्या गावाजवळचा एकच डोंगर वर्षानुवर्षं काढत होता. सुंदर जागाच हवी असती, तर एकदा काढून पुढच्या जागी जाता आलं असतं. रोज त्याच देवळात जाणाऱ्याला आपण विचारत नाही की कालच तर पाहिलास ना देव.

फोटो काढला की झालं ना?

कोजागरीला मरीन ड्राइव्हवर उभं राहून चंद्राचा फोटो काढलेला प्रत्येकजण याचं उत्तर जाणतो. डोळ्यांना ताटाएवढा वाटलेला चंद्र मोबाइलमध्ये मोहरीएवढा येतो. मोबाइल खोटं बोलत नाही. आकाशात चंद्र तेवढीच जागा व्यापतो. पण आपलं सगळं लक्ष त्याच्यावर असतं, म्हणून तो मोठा होतो. सेझानचा डोंगरही त्याच जागेवरून काढलेल्या फोटोंपेक्षा चित्रात मोठा आहे. त्याने लक्षाचं माप काढलं.

शिवाय कॅमेरा एक क्षण घेतो, चित्राला दोन तास लागतात. त्या दोन तासांत सावली सरकते, ढग जातो, बदकं येऊन जातात. कुठला उजेड ठेवायचा, काय सोडायचं, हे क्षणोक्षणी ठरवावं लागतं. म्हणून मला फोटोवरून घरी केलेली बरीच निसर्गचित्रं थोडी बंद खोलीसारखी वाटतात. कसलेला माणूस फोटोवरूनही जिवंत चित्र काढतो, पण तो बाहेर इतकी वर्षं बसलेला असतो की फोटोत नसलेली हवा स्वतःकडून घालतो.

नाले आणि पूल हे निसर्गचित्र कसं?

सुधीर पटवर्धन ठाण्यात ३० वर्षं रेडिओलॉजिस्ट होते. दिवसा एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात हे शहर रंगवायचे. रेल्वेचे रूळ, नाले, अर्धवट इमारती, त्यांच्यामधून चाललेली माणसं. २००१ मधलं त्यांचं 'लोअर परळ' गिरणगाव बदलत असतानाचं आहे. त्यात डोंगर-झाडी शोधणाऱ्याची निराशा होईल. पण मुंबईच्या माणसाभोवती रोज जे पसरलेलं असतं, ते हेच आहे. गच्चीवरून आधी टाक्या दिसतात, मग टॉवर, आणि त्यांच्या फटीतून मलंगगड. टाक्या वगळून नुसता मलंगगड काढला तर ते माझं गाव राहत नाही.

याचा एक उपयोग चित्रकाराच्या हातातही नसतो. किनारी रस्त्यासाठी भराव पडला आणि हाजीअली-वरळीकडची समुद्राची कड सरकली. दहा वर्षांपूर्वी तिथे बसून कुणी सहज काढलेला कागद आज त्या किनाऱ्याची खूण झाला आहे.

आणि ती वर्तुळं

मैत्रिणीला द्यायचं राहिलेलं उत्तर असं.

रझा १९२२ मध्ये मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात जन्मले. वडील वनखात्यात. लहानपण नर्मदेजवळच्या जंगलात गेलं. शाळेत लक्ष लागत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला लावलं, ही आठवण ते पुढे सांगत. १९४० च्या दशकात ते मुंबईत आले, जे. जे. मध्ये शिकले, आणि इथले रस्ते, इमारती, पाऊस त्यांनी वाहत्या रंगांत काढला. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहिली. हात छान आहे पण चित्राला बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असा त्यांचा सल्ला होता. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले आणि सहा दशकं फ्रान्समध्ये राहिले. सुरुवातीला तिथली गावं, चर्च, घरं काढली. हळूहळू घरांच्या कडा गळल्या, रंग राहिले. मग मंडल्याचं जंगल परत आलं आणि त्यासोबत तो ठिपकाही, बिंदू होऊन.

परगावी राहणाऱ्याला आईच्या स्वयंपाकघराची आठवण येते तेव्हा फडताळात किती डबे होते ते आठवत नाही. फोडणीचा वास आठवतो. रझांनी डबे काढणं थांबवलं आणि फोडणी काढली. रात्रीच्या जंगलाचा काळा, मातीचा तांबडा, उन्हाचा पिवळा. ती वर्तुळं ज्याला आवडत नाहीत त्याला आवडू नयेत, आणि ५१ कोटी हा आकडा बाजाराचा आहे, त्यावरून चित्र चांगलं की वाईट ते ठरत नाही. पण त्यात निसर्ग कुठे आहे, याचं उत्तर आहे.

बाणगंगेचा माझा तो कागद घरी कपाटात आहे. कॉन्स्टेबलचं वाचल्यापासून मीही मागे लिहून ठेवते. त्यावर पेन्सिलीने लिहिलंय: रविवार, सकाळी सव्वाआठ, पाऊस थांबून दहा मिनिटं, वारा समुद्राकडून. पुढच्या बाजूला, डावीकडच्या पायऱ्यांवर एक मोठा फुटलेला डाग आहे. तिथे जांभळट निळा वॉश वाळायच्या आत पावसाची पुढची सर आली होती. तो मी तसाच ठेवलाय.